ओव्हनवर सोपवलेलं रात्रीचं जेवण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामाच्या दिवशी संध्याकाळी ओट्यापाशी उभं राहायचं त्राण नसतं, पण घरचं गरम जेवण तर हवं असतं, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं. तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये आहे आणि चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा मोठा चमचा. तुमच्या ओव्हनवर फॅरनहाइटचे आकडे असतील तर १८० म्हणजे साधारण ३५०, २०० म्हणजे ४०० आणि २२० म्हणजे ४२५ धरा.

ओव्हनमुळे स्वयंपाक लवकर होतो का?

नाही, उलट वेळ जास्तच लागतो. बटाट्याच्या फोडी गॅसवर झाकण ठेवून पाव तासात शिजतात, ओव्हनला त्यासाठी जवळपास पाऊण तास लागतो. पण गॅसवरचा तो पाव तास पूर्ण तुमचा जातो: ढवळा, झाकण उघडून बघा, खाली लागतंय का ते पाहा. ओव्हनच्या पाऊण तासात अंघोळ होते, मुलांचा अभ्यास घेऊन होतो किंवा नुसतं पाय पसरून बसता येतं. म्हणून जेवण ठरवताना एकूण किती वेळ लागेल हे विचारूच नका. आपले हात किती वेळ अडकणार, एवढंच बघा.

भूक लागल्यावर पंधरा मिनिटांत ताट समोर हवं असणाऱ्यांनी मात्र ओव्हनच्या नादी लागू नये.

हात कमी अडकावेत म्हणून काय निवडायचं?

जे कमी चिरावं लागतं ते. ओव्हन शिजवण्याचं काम अंगावर घेतो, चिरण्याचं घेत नाही. 'सोपी' म्हणून सांगितलेली कृती वाचली तर तिच्यात पाच भाज्या बारीक चिरलेल्या असतात, आणि तिथेच अर्धा तास जातो. त्यापेक्षा लहान बटाटे अख्खे टाका, कांद्याच्या चार-सहा फाका करा, फ्लॉवरचे मोठे तुरे हाताने मोडा, ढोबळी मिरची फोडून बिया झटका. छोटे टोमॅटो अख्खेच जाऊ द्या. लसणाचा तर आख्खा गड्डा वरून कापून, तेलाचे दोन थेंब सोडून फॉइलमध्ये गुंडाळा. चाळीस मिनिटांनी आतल्या पाकळ्या लोण्यासारख्या पिळून निघतात. सोलण्याचं कामच उरत नाही.

मुळात ओव्हनला मोठे तुकडे मानवतात. बारीक चिरलेलं कडेने करपतं आणि मध्ये वाळतं.

आठवड्याचं नियोजन कसं करू?

सातही रात्रींचे सात पदार्थ लिहून काढू नका, बुधवारपर्यंत तो कागद फ्रीजवर नुसता लटकत राहतो. आठवड्यातून दोन किंवा तीन रात्री ओव्हनच्या ठरवा आणि पदार्थाऐवजी प्रकार ठरवा. उघडा ट्रे, म्हणजे खरपूस भाज्या आणि त्यांच्यासोबत काहीतरी भरभक्कम. झाकलेलं भांडं, म्हणजे रस्सा किंवा भात. आणि थराचं भांडं, म्हणजे पास्ता किंवा बटाट्याच्या चकत्या, वरून सॉस आणि चीज. ट्रेमध्ये या वेळी फ्लॉवर पडेल की भोपळा, हे बाजारात काय चांगलं दिसतं त्यावर सोडा.

यात दोन गोष्टी पाळा. पहिली, नाशवंत माल आधी संपवा. मासे आणि मशरूम खरेदीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी, फ्लॉवर-ब्रोकोली आठवड्याच्या मधल्या दिवसांत आणि गाजर, बटाटे, कांदे, लाल भोपळा शेवटी. दुसरी, सगळ्यात धावपळीच्या दिवसासाठी असा पदार्थ ठेवा ज्याला सुरी लागतच नाही. लोक नेमकं उलटं करतात: निवांत दिवशी बाहेर जेवतात आणि थकलेल्या दिवशी महत्त्वाकांक्षी होतात.

शक्य असेल तेव्हा भाज्यांचा ट्रे दुप्पट भरा. आज गरम खा, उद्या त्याच भाज्या सूपमध्ये वाटा, ऑम्लेटमध्ये घाला किंवा पास्त्यात मिसळा.

तापमान किती ठेवायचं? प्रत्येक कृती वेगळा आकडा सांगते.

रोजच्या जेवणासाठी २०० हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी भागतं. भाज्या, चिकन, मासे, पास्त्याचे थर, भात हे सगळं २०० ला होतं. कृतीत १९० किंवा २१० लिहिलं असेल तर वेळ पाच-सात मिनिटं पुढेमागे होईल, पदार्थ बिघडणार नाही. केक-पावाचं गणित वेगळं, तिथे हा ढिलेपणा चालत नाही.

२०० च का, यालाही कारण आहे. पदार्थ खरपूस होऊन जो वास सुटतो तो प्रथिनं आणि साखर यांच्यातल्या रासायनिक क्रियेमुळे. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली. स्वयंपाकात ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या फार वर जात नाही, म्हणून आधी ते पाणी उडावं लागतं. २०० ला ते पटकन उडतं आणि आतला भाग शिजायलाही पुरेसा वेळ मिळतो. १५० ला भाजी नुसती सुरकुतते, २५० ला बाहेरून काळी आणि आत कच्ची राहते.

वेगळा आकडा लागतो तो झाकून शिजवायच्या जाड मांसाला. त्याला १५० ते १६० आणि दोन-अडीच तास द्यावे लागतात. मांसातले चिवट धागे हळूहळू विरघळून मऊ होतात, घाई केली तर होत नाहीत. असा रस्सा सुट्टीच्या दिवशी करून ठेवावा. दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरलेला लागतो.

२०० अंशांना कशाला किती वेळ लागतो?

अडीच-तीन सेंटिमीटरच्या फोडी आणि आधी तापवलेला ओव्हन धरून: बटाटे ४० ते ४५ मिनिटं, गाजर ३० ते ३५, लाल भोपळा ३० च्या आसपास, कांद्याच्या फाका ३०, फ्लॉवर २५ ते ३०, ढोबळी मिरची आणि मशरूम २० ते २५, ब्रोकोली १५ ते २०. हाडासकट चिकनच्या तंगड्या ४० ते ४५ मिनिटं, छातीचा बिनहाडाचा तुकडा २० ते २५. अडीच सेंटिमीटर जाड मासा १२ ते १५. शिजवलेले, कोरडे केलेले काबुली चणे कुरकुरीत व्हायला २५ ते ३०. अख्खा मोठा बटाटा तासभर घेतो, पण त्याच्याकडे कोणी बघावं लागत नाही.

हे आकडे सुरुवातीपुरते. ओव्हनच्या बटणावरचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत १०-२० अंशांचा फरक सर्रास असतो. आत ठेवायचं साधं थर्मामीटर एकदा वापरून बघा, तुमचा ओव्हन कडक आहे की मवाळ ते कळेल.

माझ्या भाज्या खरपूस होत नाहीत, मऊ पडतात. काय चुकतंय?

ट्रेमध्ये गर्दी झाली आहे. दहापैकी नऊ वेळा हेच कारण असतं. फोडी एकमेकींना चिकटून बसल्या की सुटलेलं पाणी उडून जायला जागा मिळत नाही, तिथेच वाफ कोंडते आणि भाजी भाजण्याऐवजी वाफवली जाते. दोन फोडींमध्ये बोटभर जागा दिसली पाहिजे. मावत नसेल तर दुसरा ट्रे घ्या.

बाकीची कारणं त्यामानाने किरकोळ. धुतलेली भाजी पुसली नाही. तेल कमी पडलं (अर्धा किलो भाजीला दीड ते दोन चमचे लागतात, आणि ते हाताने चोळून सगळीकडे लागायला हवं). ट्रे उंच काठांचा आहे. किंवा ओव्हन पुरता तापायच्या आतच ट्रे आत गेला.

चिकन आणि भाज्या एकाच ट्रेमध्ये कशा जमतील? वेळा तर जुळत नाहीत.

एकाच वेळी आत गेलं पाहिजे असा काही नियम नाही. जेवायची वेळ धरा आणि तिथून मागे मोजा. समजा आठला जेवायचं आहे. तंगड्या आणि बटाटे सव्वासातला आत. साडेसातला दार उघडून कांदा आणि ढोबळी मिरची टाका. पावणेआठला ब्रोकोली. म्हणजे पाऊण तासात दोनदा उठायचं, तेही मिनिटभर, मोबाइलवर गजर लावून.

तेवढंही उठायचं नसेल तर आकाराने वेळा जुळवा. उशिरा शिजणाऱ्याचे तुकडे लहान करा, लवकर शिजणाऱ्याचे मोठे ठेवा. बटाट्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडी, फ्लॉवरचे मुठीएवढे तुरे आणि चिकनच्या तंगड्या चाळीस मिनिटांत बऱ्यापैकी एकत्र होतात.

चिकनच्या खाली भाज्या ठेवू नका, बाजूला ठेवा. वरून गळणाऱ्या रसात त्या भिजतात. चव छान येते हे खरं, पण खरपूसपणा विसरा. कोवळी पानं, लिंबाचा रस आणि बारीक चिरलेला लसूण ट्रे बाहेर काढल्यावर घाला, आत ठेवलं तर पानं आणि लसूण करपून कडू होतात.

चिकन आतपर्यंत शिजलं हे कसं ओळखायचं?

मांसात खुपसायचं थर्मामीटर वापरा. सर्वांत जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश दिसले की झालं. रंगावर किंवा 'रस पांढरा निघाला' यावर विसंबू नका, पूर्ण शिजलेलं चिकनही हाडापाशी गुलाबी दिसू शकतं. छातीचा तुकडा ७४ च्या फार पुढे गेला की कोरडा पडतो. तंगडी ८० च्या पुढे गेली तरी बिघडत नाही, उलट जास्त मऊ होते. म्हणून ज्यांना ओव्हनवर नजर ठेवायची नाही त्यांनी तंगड्याच आणाव्यात.

मटणाच्या खिम्यासाठी ७१ अंश, माशासाठी ६३. मासा काट्याने दाबल्यावर पापुद्रे सुटत असतील तर थर्मामीटर नसलं तरी चालतं.

आणि कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका. शिंतोड्यांबरोबर जंतू सगळ्या सिंकभर उडतात, आणि त्यांना मारायचं काम ओव्हनची उष्णता करतेच.

मांस-मासे खात नाही. नुसत्या भाज्यांनी पोट भरत नाही.

भाज्यांच्या ट्रेमध्ये शिजवलेले काबुली चणे टाका. डब्यातले असतील तर पाणी काढून, फडक्यावर कोरडे करून. टोफू किंवा पनीरचे मोठे तुकडे २० ते २५ मिनिटांत कडेने सोनेरी होतात. टोफू आधी दाबून पाणी काढलेलं हवं. भाज्या झाल्या की त्यांच्यात खळगे करून अंडी फोडणं हा आणखी एक मार्ग, सात-आठ मिनिटांत ती घट्ट होतात.

शाकाहारी ट्रे कोरडा वाटण्याची तक्रार नेहमी असते. त्यावर उपाय ट्रेबाहेर आहे: दही, तीळ किंवा दाणे वाटून केलेली पातळ चटणी, वरून पिळलेलं लिंबू. भाजताना सॉस ओतलात तर मघाशी सांगितलेली वाफेची अडचण परत उभी राहते.

राजमा भिजवून कच्चाच झाकणाच्या भांड्यात मंद ओव्हनवर सोडला तर?

असं करू नका. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, ज्याने जोराच्या उलट्या होतात. ते घालवायला राजमा भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान १० मिनिटं खळखळून उकळावा लागतो. मंद ओव्हनमध्ये भांड्यातलं पाणी उकळीपर्यंत पोचेलच असं नाही. आधी गॅसवर उकळा किंवा कुकरमध्ये शिजवा, मग ओव्हनकडे द्या. डब्यातला राजमा शिजवलेलाच असतो, त्याला ही भानगड नाही.

भात ओव्हनमध्ये होतो?

छान होतो, आणि खाली लागत नाही. एक वाटी धुतलेला पांढरा तांदूळ, पावणेदोन वाट्या उकळतं पाणी, मीठ, थोडं तेल. भांड्यावर फॉइल अगदी घट्ट बसवा, वाफ निसटली तर वरचा थर कच्चा राहतो. २०० ला २५ मिनिटं, मग बाहेर काढून न उघडता १० मिनिटं. पाणी उकळतंच हवं. गार पाणी घातलं तर ते तापण्यातच पहिली दहा-पंधरा मिनिटं जातात. शेजारी भाज्यांचा ट्रे असेल तर एकाच आचेवर दोन्ही.

सकाळी भांडं ओव्हनमध्ये ठेवून टायमरने संध्याकाळी सुरू केलं तर चालेल?

मांस, मासे, अंडी, दूध, शिजवलेला भात यांतलं काहीही असेल तर नाही. ४ ते ६० अंश या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि बंद ओव्हन म्हणजे खोलीचंच तापमान. असे पदार्थ बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू नयेत, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. अख्खे बटाटे, भोपळा, बीट असं असेल तर टायमर बिनधास्त लावा. बाकीच्यांसाठी भांडं रात्रीच भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि घरी आल्याआल्या ओव्हन लावा.

फक्त एक सांभाळा: काचेचं भांडं फ्रीजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये टाकू नका, तडकू शकतं. स्टीलच्या भांड्याला ही भीती नाही.

ओव्हन चालू ठेवून बाहेर जाऊन येऊ का?

माझं मत: घरातल्या घरात कुठेही जा, घराबाहेर नको. आणि वरची ग्रिलची कांडी चालू असेल तेव्हा स्वयंपाकघराबाहेरही नको. ग्रिलखाली सोनेरी ते कोळसा हे अंतर दोन मिनिटांचं असतं.

माझ्याकडे छोटा ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) आहे, मोठा ओव्हन नाही.

उत्तमच. तो लवकर तापतो आणि दोन-तीन माणसांना पुरतो. पण त्याच्या कांड्या पदार्थाच्या जवळ असतात, म्हणून ट्रे मधल्या खाचेत ठेवा आणि वरचा भाग लवकर तांबूस होत असेल तर फॉइल सैल झाका. जागा कमी असल्यामुळे गर्दीचा मोह जास्त होतो, तो आवरा. कन्व्हेक्शनवाला, म्हणजे पंख्याने गरम हवा फिरवणारा मायक्रोवेव्हही चालतो, मात्र त्याच्या कन्व्हेक्शन मोडवर. नुसत्या मायक्रोवेव्हवर भाजी शिजेल, खरपूस होणार नाही.

ओव्हनमधला पंखा लावायचा की नाही?

लावा. गरम हवा फिरती राहते, पाणी लवकर उडतं. तापमान २० अंशांनी कमी ठेवा, म्हणजे २०० च्या जागी १८०. दोन ट्रे एकदम लावायचे असतील तर पंख्याशिवाय जमत नाही, आणि तरीही अर्ध्या वेळेनंतर वरचा ट्रे खाली, खालचा वर करावा.

दरवेळी ओव्हन आधी तापवायलाच हवा का?

उघड्या ट्रेसाठी हो, १० ते १५ मिनिटं. तेवढ्यात चिरणं होतं, त्यामुळे वेळ वाया जात नाही. झाकलेल्या रश्शाला आणि अख्ख्या बटाट्यांना गरज नाही. थंड ओव्हनमध्ये ठेवा आणि एकूण वेळेत दहा मिनिटं वाढवा.

विजेचं बिल किती वाढेल?

ओटीजीवर १५०० वॅट लिहिलेलं असेल तर तासाभरात तो जास्तीत जास्त दीड युनिट खातो. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण हवं ते तापमान गाठल्यावर कांड्या बंद-चालू होत राहतात. बचत करायचीच असेल तर तापलेला ओव्हन भरून वापरा: वरच्या जाळीवर भाज्या, खाली भात. आणि दार सारखं उघडू नका, काचेतून बघा.

बटाटे किती तांबूस होऊ द्यावेत?

सोनेरी, तपकिरी नाही. पिठूळ पदार्थ १२० अंशांच्या वर भाजताना किंवा तळताना ॲक्रिलामाइड तयार होतं, हे २००२ मध्ये स्वीडनमधल्या तपासणीत पुढे आलं. रंग जितका गडद तितकं ते जास्त. घाबरून बटाटे सोडायची गरज नाही, काळे पडलेले तुकडे तेवढे खाऊ नका.

घरातले सगळे वेगवेगळ्या वेळी जेवतात. मग?

झाकलेलं भांडं निवडा. रस्सा किंवा पास्त्याचे थर तासभर बंद ओव्हनमध्ये गरम राहतात. त्यापुढे उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा आणि नंतर ७४ अंशांपर्यंत, म्हणजे आतून वाफ येईपर्यंत, पुन्हा गरम करा. भाजलेल्या भाज्या थांबल्या की मऊ पडतात, पण २२० ला पाच-सात मिनिटांत परत ताठ होतात. मासा मात्र कुणासाठी थांबत नाही. तो त्या रात्री करूच नका.

उरलेलं किती दिवस टिकतं?

फ्रीजमध्ये तीन ते चार दिवस, दोन तासांच्या आत पसरट डब्यात भरून ठेवलं तर. भात याला अपवाद. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यावरही मरत नाहीत आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा.

ट्रे घासण्यातच सगळी मजा जाते. उपाय?

ट्रेवर बटर पेपर अंथरा, पण त्याच्या पाकिटावरची तापमानाची मर्यादा बघून. बरेच कागद २२० च्या आसपास थांबतात, आणि ग्रिलखाली कोणताच वापरू नये. फॉइल चालते, फक्त टोमॅटो किंवा लिंबू भरपूर असेल तेव्हा नको. आंबटपणा ॲल्युमिनियमला खातो आणि पदार्थाला धातूची चव येते.

तरीही काही चिकटलंच तर जेवायला बसण्याआधी गरम ट्रेमध्ये गरम पाणी आणि साबणाचे थेंब घालून ठेवा, उठेपर्यंत सुटलेलं असतं. काचेच्या भांड्यात तापलेलं असताना पाणी घालू नका, आधी निवू द्या. आणि ट्रे उचलायला कोरडं फडकं घ्या. ओल्या फडक्यातून चटका लगेच आत पोचतो.